जाळ्याचं शिसं

नाक्यावरचा शाजी म्हणाला, बॅलन्सिंग इथे नाही,
अंधेरीला जा, मशीन आहे, साडेतीनशे घेतील.
म्हणून चाक घरी आलं,
खारदांड्याला, आमच्या ओट्यावर,
आणि आय म्हणाली, माझ्या टोपल्यांना ग्रीस लागलं तर बघ.

नवा टायर सकाळपासून उन्हात होता,
बोंबलांशेजारी, मऊ व्हायला.
बाण बघितला, फिरायची दिशा.
पिवळा ठिपका वॉल्वपाशी आणला.
ट्यूबला आयची पावडर,
कडेला भांडी घासायचा साबण.
तरी शेवटची वीतभर कड आत जाईना.
गुडघे टेकले, दोन्ही लिव्हर, दातांत शिवी,
मग लक्षात आलं,
समोरची बाजू रिमच्या खोलगटात दाबायचीच राहिली होती.
जोर नकोच होता त्याला,
जागा हवी होती.

हवा भरली. फट्ट. मांजर पळालं.
पुन्हा फट्ट, दुसरी बाजू.

बर्फाच्या दोन निळ्या क्रेटवर आस आडवा टाकला,
चाक हलकेच फिरवून सोडलं.
फिरलं, दमलं, जरा मागे आलं,
थांबलं.
खडूने तळाशी खूण केली.
चौथ्यांदाही खूण तळाशीच.

बा भिंतीला टेकून बघत होता.
होडी विकल्यापासून तो असंच बघतो,
पंख्याकडे, रिक्षांकडे,
बाइक घेतल्यापासून माझ्या पाठीकडे.
उठला. माळ्यावरून फेकायचं जाळं काढलं,
मधोमध फाटलेलं,
आणि पकडीने काठाचं शिसं तोडायला लागला.

एका गोळीच्या पोटात चीर दिली,
खुणेच्या बरोबर समोर, आऱ्यावर चिमटली.
कमी.
दुसरी.
जास्त.
मग अडकित्ता मागितला
आणि सुपारीसारखी अर्धी कातरली.

चाक फिरवलं. खूण डावीकडे थांबली.
पुन्हा. वर, पत्र्याकडे.
पुन्हा. कुठेतरी मध्येच.
जिथे सोडू तिथे राहायला लागलं.
"आता पानी सपाट हाय," बा म्हणाला,
बऱ्याच दिवसांनी, चाकालाच.

संध्याकाळी जुहूपर्यंत जाऊन आले.
हँडल गप्प होतं.
कसं झालं, त्याने विचारलं नाही.
वाकून टायरवर तळवा ठेवला,
ताप बघावा तसा,
आणि जाळं परत माळ्यावर टाकलं नाही.
दाराशीच ठेवलंय.
मागचं चाक बाकी आहे.