वीतभर बोगदा

बाहेर ऑगस्ट. पोरं जंगलातून ब्लूबेरी खाऊन येतात,
जिभा निळ्या.
आणि मी अंगावर लोकरीचे दोन थर चढवून
उणे चार अंशांत शिरते, कामाला.

डोंगराच्या पोटात सव्वा किलोमीटर बर्फ,
यंत्रानं पाडलेला, पंख्यांनी जपलेला.
राष्ट्रीय संघातली मुलं उन्हाळाभर इथं स्की करतात,
फेब्रुवारीत बाकीचं जग मागं राहावं म्हणून.
माझ्याकडं मेण लावायची खोली.
स्कीवरनं खरवडलेल्या मेणाचा चुरा
टेबलांखाली, दाराच्या फटीत, माझ्या मोज्यांत.

तूही खरवडायचास, आउलिस.
नाण्याच्या कडेनं, किऑस्कच्या फळीला टेकून,
राखाडी चुरा बाहीला.
शनिवारी सौना, मग ओल्या केसांनी टीव्हीसमोर लोटो.
सात आकडे, तेच, तीस वर्षं:
लग्नाची तारीख, वेसाचा वाढदिवस,
कुत्र्याचं वय (चौदा; तो मेला आणि आकडा तिथंच थांबला),
आणि एकोणचाळीस,
का, ते तू कधी सांगितलं नाहीस.

उद्घाटनाला मंत्रीणबाई आल्या होत्या. म्हणाल्या,
हे सगळं तुमच्याच पैशांतून.
टाळ्या. कॉफी फुकट होती, वेलचीचे पाव पण.
मी मागं उभी, हातात फडकं.
तुमच्या म्हणजे कुणाच्या, बाई?
ज्या हिवाळ्यात वेसानं माझे जुने बूट
वर्तमानपत्र कोंबून घातले, त्याच्या?

पंखे दुरुस्त करायला आलेल्या इंजिनिअरला विचारलं,
एक मीटर केवढ्याला पडला.
बारा हजार, म्हणाला.
आठवड्याला वीस, वर्षं तीस:
एकतीस हजार दोनशे.
अडीच मीटर! अडीच मीटर तुझे, आउलिस!
घरी जाऊन फोटोला सांगणार होते.
तो भला माणूस. हात पुसत म्हणाला, असं नसतं, हिल्का.
निम्मं बक्षिसांत जातं. मग दुकानदार, छपाई,
मग विज्ञान, ऑपेरा.
खेळाला येतात युरोमागं पाच-सहा सेंट.
पेन्सिलीनं भिंतीवरच हिशोब करून दिला.
पंधरा सेंटिमीटर. जरा वर.

वीतभर.
तुझी वीतसुद्धा नाही, तुझा पंजा मोठा होता.
थेंबे थेंबे तळे साचे. साचतं की.
पण त्यात आपला थेंब कुठला
असं विचारायला गेलं की लोक हसतात.

मी मात्र जागा ठरवून टाकली.
एकोणचाळिसाव्या दिव्याखाली, वळणाच्या अलीकडं,
भिंतीला लागून.
कधी झाडू टेकवून उभी राहते तिथं.
मुलं झपकन जातात.
तुझी तीस वर्षं ओलांडताना त्यांची
पापणीसुद्धा लवत नाही.

काल सेन्नी थांबली, नेमकी तिथंच.
वीस वर्षांची, काठ्यांवर वाकलेली, धापा टाकत.
आणि थुंकली.
माझ्या ओठावर आलं होतं, अगं, इथं नको.
तिनं मान वर केली, पापण्यांवर दहिवर,
म्हणाली, हा चढ जीव घेतो, हिल्का.
घेतो खरा, म्हटलं.
ती गेल्यावर खोऱ्यानं ताजा बर्फ ओढून
तेवढी जागा सारखी केली.

आज शनिवार. सौना तापत घातलीय, एकटीसाठी.
वेसा नॉर्वेहून फोन करेल, किंवा नाही करणार.
किऑस्कमध्ये गेले, दूध घेतलं.
काउंटरवरची मुलगी सवयीनं म्हणाली,
आणि लोटो?

मागं रांग होती.
मी पाकिटात नाणी चाचपत राहिले,
दुधाचे पैसे तर केव्हाच दिले होते.