शून्य ते तीन

दुबईत, देऱ्याच्या सोनेबाजारामागं,
तिसऱ्या मजल्यावर आमची भट्टी.
मी गलाईवाला, खानापूर तालुक्यातला.
वडील कोइंबतूरला होते, चुलते कटकला,
मी जरा लांब आलो इतकंच.

आम्ही केरसुद्धा फेकत नाही.
झाडलोट, पुसायची फडकी, हात धुतलेलं पाणी,
सगळं जाळायचं, आटवायचं,
तळाशी राहील तो दाणा चिमट्यानं उचलायचा.
एकोणीस वर्षांत माझ्या हातून काही वाया गेलं नाही.
यंदाचा अख्खा रमजान मात्र
कुठं गेला, आठवत नाही.

दुखत काहीच नव्हतं.
ताप असता तर सांगितलं असतं.
अंघोळीला उठायचं म्हणजे मणाचं ओझं,
डब्यातली डाळ जशी आली तशी परत.
वैजयंता फोनवर विचारायची, "बरं हाय न्हवं?"
मी म्हणायचो, बरं हाय.
वरून बावीस कॅरेट, आत नुसतं तांबं.

मोतालिब सिल्हेटचा, माझ्या वरच्या बंकवर झोपतो.
त्यानं काही विचारलं नाही.
एका संध्याकाळी तेजाबाच्या कपाटाला कुलूप घातलं,
किल्ली स्वतःच्या बनियनला पिनेनं अडकवली
आणि म्हणाला, शुक्रवारी माझ्यासोबत चल.
कुठं, ते कुसैसला बसमधून उतरल्यावर कळलं.

काउंटरवरच्या पोरीला आधी विचारलं,
हे व्हिसावर दिसतं का? शेठला कळतं का?
"नाही अंकल, बसा."
फी ऐकली, मनात तिचे ग्रॅम केले. सवय.

कागदावर नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन.
मी मिलिग्रॅमचा माणूस,
काटा हलू नये म्हणून एसी बंद करून,
श्वास धरून तोलणारा,
आणि इथं विचारतात, गेल्या पंधरवड्यात
कशातच रस नव्हता असे दिवस किती,
थोडे, निम्म्याहून जास्त, की जवळपास रोज?
नवव्या प्रश्नापाशी पेन थांबलं.
मोतालिब भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.
मी एक लिहिला.
मग खोडून दोन.

डॉक्टरीणबाई सुदानच्या, इख्लास नाव.
माझी हिंदी मोडकी, त्यांची माझ्याहून.
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, त्यांनी विचारलं.
आमच्याकडं याला काही म्हणत नाहीत, म्हटलं.
मग म्हटलं, करमत नाही.
"करामा?" त्यांनी मान वर केली.
करामा म्हणजे त्यांच्या भाषेत इज्जत.
करामा म्हणजे आमची पोहे-शेंगदाणे मिळायची पेठ.
नाही बाई, करमत. क, र, म, त.
त्यांनी तो वहीत अरबीत लिहून घेतला,
उजवीकडून डावीकडं,
माझा शब्द आल्या वाटेनं घरी निघाल्यासारखा,
आणि मला रडू फुटलं.
दुकानात एवढं पाणी सांडलं असतं
तर कुणीतरी भांडं धरलं असतं.

गोळी अर्धी, रात्री.
तीन आठवडे काही वाटणार नाही, बाई म्हणाल्या,
तरी घ्यायची.
ते मला पटलं. पहिला तास भट्टीही नुसता धूर देते.

येताना मोतालिबनं काही काम नसताना
अब्रात बसवून खाडी ओलांडायला लावली,
एक दिरहम जायचा, एक यायचा.
पलीकडं उतरलोही नाही.

रात्री फोन लावला.
"बरं हाय न्हवं?"
न्हाई, म्हटलं. करमत न्हाई.
डॉक्टरकडं गेलतो.
तिकडं नळ चालू होता, तो बंद झाला.
बराच वेळ मी तो बंद नळ ऐकला.
"गोळी दिलीया का?"
दिलीया.
"जेवायच्या आधी का नंतर?"
नंतर.
"मग जेवा आधी."