शेवटाचे पाढे

दांडिया बाजार, दुसरा मजला,
मे महिना, रात्रीचा दीड.
डिस्क खर्र खर्र वाजते आहे.
मुंगूस शोधतोय.

मुंगूस म्हणजे माझा प्रोग्राम, बुद्धिबळ खेळणारा,
तीन वर्षांचा, अजून दात येताहेत.
गेल्या आठवड्यात मी त्याला पाढे दिले:
पटावर सहा मोहरे उरले की
कुठलीही मांडणी असो, उत्तर तयार.
जिंकलास. हरलास. बरोबरी.
विचार करायचाच नाही, नुसतं वाचायचं.

पण वाचायलाही वेळ लागतोच की.
एकतीस चाली खोल उतरायचा तो,
आता सत्ताविसावर धापा टाकतो,
कारण दर फांदीच्या टोकाशी
उठून कपाटापर्यंत जावं लागतं.

हजार डाव लावले, त्याचे त्याच्याशीच.
पाढ्यांसह पाचशे चार,
पाढ्यांविना चारशे शहाण्णव.
एवढा फरक तर पंख्याच्या वाऱ्यानेही पडतो.
पहिले पाढे पंचावन्न.

रविवारी पागेमास्तर आले,
प्रतापनगरला छोट्या लाइनीवर
चौतीस वर्षं सिग्नल सांभाळलेले.
सेव-उसळीचा डबा बाजूला सारून बसले.
मुंगसाकडे हत्ती आणि एक प्यादं,
त्यांच्याकडे नुसता हत्ती.
डाव बरोबरीचा. मुंगसाला माहीत.
मास्तरांना नाही; त्यांच्या कपाळावर घाम.

जुना मुंगूस इथे चाळीस चाली छळायचा,
शह द्यायचा, मागे सरायचा, वाट बघायचा
समोरचा कंटाळण्याची.
नव्याने यादीतली पहिली चाल उचलली,
मग पुन्हा पहिली,
आणि प्यादं देऊन टाकलं.
बरोबरीच ना शेवटी.

मास्तरांनी चष्मा काढला.
"आजारी आहे का गं हा?"
म्हटलं, त्याला शेवट पाठ आहे.
"मलाही डभोईच्या गाडीचं वेळापत्रक पाठ होतं.
तरी ती पुढे जाईस्तोवर
कंदील काही खाली ठेवला नाही."
मग डबा उघडला. उसळ निवली होती.

आज दोनच ओळी बदलल्या मी.
पाढ्याने सांगायचं ते एवढंच,
की कुठल्या चालीने डाव हातचा जाईल.
उरलेल्यांतून निवडायचं मुंगसाने,
आपल्या डोक्याने, आपल्या खोडीने.

ताकद वाढेल? ठाऊक नाही.
हजार डाव पुन्हा लागतील,
सकाळपर्यंत जेमतेम दोनशे.

डिस्क मध्येच गप्प झाली.
कुठल्याशा फांदीवर तो
कपाटाकडे न जाता
थांबला आहे.