गळती

या, इकडून. तिसरी पायरी जरा जपून,
ती बॅरनच्या काळापासून हलते.
मी हेडविग टिम्लर. किल्ल्या माझ्याकडे असतात,
घर कधीच नव्हतं.

तुम्ही विचारता, मालक कोण कोण झाले.
श्वेरीनच्या दफ्तरात जा, नावं मिळतील.
मला विचाराल तर वरच्या निळ्या खोलीत चला,
खिडकीपासून चार पावलं, फळी काळी पडलीय तिथे.
इथे गळतं.
बांधलं त्या वर्षापासून गळतं म्हणतात.

बॅरन फॉन ड्रेंकोने इथे सुपाचं भांडं ठेवलं होतं,
चिनी मातीचं, सोनेरी काठाचं,
बादली पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको म्हणून.
पुढे पत्त्यांच्या एका रात्रीत जंगल गेलं, मग गिरणी,
मग भांड्यासकट सगळंच
रोस्टॉकच्या एका साखरवाल्याच्या घशात.
त्याने दारावर कमान काढली, अंगणात कारंजं बसवलं,
छपरावर मात्र कुणाला चढवलं नाही.
त्याची बायको थेंबाच्या तालावर
पियानो वाजवायची म्हणे. खरं-खोटं देव जाणे.

मग पंचेचाळीस साल. आमची हातगाडी
बर्फातून चार आठवडे चालत आली.
या एका खोलीत तीन कुटुंबं, सतरा माणसं,
मधे खडूच्या रेघा,
आणि थेंब नेमका रेघेवर.
आईने एका मेलेल्या शिपायाचं शिरस्त्राण मांडलं.
ते ओतून यायची पाळी कुणाची, यावरून रोज भांडणं.
विहिरीत टायफस होता, म्हणून
माझा भाऊ याच पाण्याने न्हाला,
जन्मला तेव्हा, आणि नवव्या दिवशी पुन्हा.

नंतर सरकारने जमीन वाटली,
वाटलेली परत गोळा केली.
इथे बालवाडी झाली, मी स्वैपाकीण.
रंगाचा रिकामा डबा ठेवायचे,
पोरं त्यात कागदी होड्या सोडायची.
तपासणीला साहेब आले की डबा कपाटात
आणि मी या फळीवर उभी, हसत,
एक बूट ओला.

भिंत पडल्यावर एका मार्काला विकलं.
घेणारा फिरकलाच नाही.

आता तुम्ही. तुमचे कारागीर चांगले आहेत,
नवी कौलं, खाली तांब्याचा पत्रा.
गेल्या गुरुवारी रात्रभर झोडपलं ना पावसाने,
तेव्हा आले होते मी वर, सवयीने,
हातात बादली.
उभी राहिले. कान दिला.
पहाटेपर्यंत काही नाही.

बादली तिथेच कोपऱ्यात आहे.
राहू द्या ती.