झाड क्रमांक सात

छातीची उंची म्हणजे एक मीटर सदतीस सेंटीमीटर,
असं प्रपत्रात छापलेलं आहे.
ठगूबाई विचारते, कोनी छाती? तुनी का मनी?
मी हसते, टेप खोडाभोवती फिरवते,
मुंगळे बाजूला होईपर्यंत थांबते
आणि लिहिते: अंजन, क्रमांक सात, घेर एकशे बारा.

बुराई नदीच्या अलीकडे तिचं सहा एकर.
बांधावर आणि बांध सोडून आतसुद्धा
एकोणीस अंजन, कुणी रांगेत लावलेले नाहीत.
नांगराला आडवे आले
तेव्हा नांगर वळवला, एवढंच.
त्यांच्या मधून दादर पेरतात.

माझा प्रकल्प तीन वर्षांचा,
नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची.
मी सावली मोजते सकाळी, दुपारी, कलत्या उन्हात.
ओली माती डबीत घालून एस.टी.नं धुळ्याला नेते,
भट्टीत वाळवते, पुन्हा तोलते,
जे उडून गेलं त्याला ओलावा म्हणते.
पाला कुजायला किती दिवस लागतात
हे पाहायला जाळीच्या पिशव्या पुरल्या होत्या.
त्यातल्या दोन शेळ्यांनी उकरून खाल्ल्या.
अहवालात लिहिलं: नमुना गहाळ.

खोडाजवळच्या दोन तासांत दादर बुटकी,
हे खरं आहे, आणि ते मी लपवलं नाही.
पाचव्या तासापासून कणीस भरत जातं.
सर म्हणाले, सरासरी काढ.
ठगूबाईकडे सरासरी नाही.
तिच्याकडे बुटक्या दादरीचा कडबा वेगळा बांधलेला,
गाभण म्हशीसाठी.
वैशाखात तोही संपतो तेव्हा
वरच्या फांद्यांची छाटणी, खाली शेळ्यांची गर्दी,
सालीचा दोर, वाळक्या काटक्यांची चूल.
मी रकाने वाढवत गेले.
दुपारी निंदणाऱ्या सात जणी भाकरी सोडून जिथे बसल्या
त्या रकान्यासमोर मात्र
रुपये किती, ते सापडेना.

पुढच्या चैत्रात गेले
तर अठरा झाडांना तांबडी पालवी फुटलेली,
दोन दलं जोडलेली, अजून मऊ.
सातच्या जागी
गुडघ्याएवढं खोड, वर ताजी चकती.
प्रपत्रात दोनच पर्याय: जिवंत, मृत.
मी पेन उघडं धरून उभी.

नातीनं नर्सिंगला नंबर लावला होता, नंदुरबारला.
पहिल्या वर्षाची फी, वसतिगृह, दोन पांढरे गणवेश.
ठगूबाई सांगत होती, सोनं मोडलं नाही की
सोसायटीत सही केली नाही.
बुंधा घ्यायला माणूस घरी आला,
नोटा मोजल्या, कुऱ्हाडीच्या दोन धारा गेल्या
इतकं कठीण लाकूड.
रडलीस का, असं मी विचारलं नाही.
तीच म्हणाली, त्ये रडाकरता लायेल नव्हतं.

त्या वर्षी मोजणीत एक गोष्ट अडली.
जिथे सात होतं, तिथली दादर
साऱ्या शेतात उंच.
मी दोनदा मोजली, मग तिच्याकडून मोजवली.
सर म्हणाले, मुळं कुजतायत, नत्र सुटतंय,
सावलीही हटली, दोन-तीन हंगाम चालेल.
तेच तिला समजावून सांगत होते
तर ती वाकून माती चुरत होती.
झाड गये, ती म्हणाली,
माटीले आजून ठाऊकच नही.

हे वाक्य कुठल्या परिशिष्टात घालावं
मला कळलं नाही. शेवटी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं.

परवा माझी शेवटची फेरी.
चकतीपासून दीड हातावर
बोरीच्या काट्यांचं कुंपण, त्यात
घोट्याएवढं एक रोप.
आपणच उगवलं, ती म्हणते; काटे मात्र तिचे.
अंजन हळू वाढतो.
त्याचा घेर घ्यायला जो येईल
तो आज कदाचित बालवाडीत असेल.
मी नवी ओळ आखली: क्रमांक सात-अ.
छातीच्या उंचीला घेर: निरंक.
ठगूबाई वाचून दाखव म्हणाली.
वाचलं.
मग ती रोपाशेजारी उकिडवी बसली,
हातानं स्वतःची छाती दाखवत म्हणाली,
आते मोज.