तुलनेसाठी

बिल्ल्यावर शून्य आलं आहे.
बिल्ला त्या रात्री खुंटीला होता, शर्टाच्या खिशावर,
कारण मे महिना, भुसावळ, आणि बॉयलरच्या पोटात
बनियनसुद्धा जड होतं.
बिल्ला खोटं बोलला नाही.
खुंटीला काहीच झालं नव्हतं.

लीलाधर फिरके, वय एकतीस,
पाइपांच्या जोडांचे फोटो काढतो.
वेल्डिंगच्या आत केसाएवढी भेग असली
तरी त्याच्या फिल्मवर उतरते.
फोटो काढणारी गोळी शेंगदाण्याहून लहान,
काम झालं की नळीतून पेटीत परत यायची,
ती वाटेत अडकली.
हा नळी सरळ करत बसला,
त्याच्या अंदाजानं पाच मिनिटं,
हेल्परच्या अंदाजानं एक विडी.

"मले काहीच नई झालं, ताई.
पहाटे दोन डाव उलटी झाली, ते तं उन्हानं बी होते."
हात पुढे केला.
हातावर काही नव्हतं, तरी मी हाताकडेच बघत राहिले.

रावेरला काकाच्या बागेत एका जानेवारीत
रात्रीतून पारा सहावर आला होता.
सकाळी पानं हिरवीगार. काका मात्र चहा न घेता उठला.
चरका दिसला आठवड्यानं.
केळीला त्या रात्रीच कळलं होतं, म्हणाला,
आपल्याला वाचता येत नाही, एवढंच.

डॉक्टर भारंबे फोनवर सांगत होत्या,
मी जुन्या रिपोर्टच्या पाठीवर लिहून घेत होते:
किरण लागला की पांढरी पेशी
एरवी मिटलेली पानं उघडते
आणि भराभर नकला काढू लागते.
दुरुस्तीवाल्याला एक चिठ्ठी.
वाढ थांबवा, अशी एक.
माझं आता जमत नाही, मी जाते, अशीही एक.
चिठ्ठ्या मोजल्या की मार कळतो.
पण चिठ्ठ्या टिकत नाहीत;
दोन-तीन दिवसांत पेशी त्या स्वतःच फाडून टाकते.

तपकिरी टोपणाची नळी. आत औषध आधीच भरलेलं,
रक्त पडताच त्याचं बोलणं जागच्या जागी थिजतं.
दहा वेळा उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही.
लेबलवर छापलंय: खोलीच्या तापमानात ठेवा.
जळगावात. मे महिन्यात.
कुठल्या खोलीच्या?
शेवटी आइस्क्रीमवाल्या तडवींकडून
थर्माकोलची पेटी मागून आणली,
तिला अजून पिस्त्याचा वास होता.

कंपनीचा माणूस बाहेर बाकावर,
मांडीवर फाइल, फाइलीत शून्य.
तीनदा आत डोकावला:
"बिल्ल्यात नाही, ते रक्तात कुठून येईल?"

पेटी बंद करताना पुन्हा फोन.
एका निरोगी माणसाचंही पाठवा, तुलनेसाठी.
लॅबमध्ये मी आणि शेवंताबाई; शेवंताबाईंना साखर.
मी दंडाला पट्टा बांधला, टोक दातात धरलं.
लीलाधर बघत होता.
"तुमी कशाले, ताई?"
तोंडात पट्टा होता, उत्तर देता आलं नाही.

रात्रीच्या गाडीनं दोन नळ्या गेल्या,
शेजारी-शेजारी, एकाच रबरबँडमध्ये.

रिपोर्ट आला तेव्हा तो पुण्याच्या वॉर्डात होता, काचेपलीकडे,
आणि त्याची बायको फोनवर मला विचारत होती
की केस गळायला लागले तर उशी बदलायची का.

कागदावर दोन रकाने.
डावीकडे जनुकांची नावं, नंबरप्लेटसारखी.
माझ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक.
आदल्या रात्री घरी भांडून निघाले होते,
ते कुठेच नाही.
एक, एक, एक.
त्याच्या रकान्यात पहिल्याच ओळीत अकरा.

कंपनीच्या माणसानं चष्मा लावला, काढला.
"अकरा म्हणजे काय? अकरा कशाचे?"

मी बोट ठेवलं
माझ्या एकावर.