ऐपतीचा दाखला

शिरगुप्पे साहेब आले तेव्हा मी
गणपतीच्या कानाला पातळ माती लावत होते.
हात धुवायला उठले तर म्हणाले,
चालू द्या, मला फक्त घर बघायचंय.

फक्त घर.

टेपचं एक टोक त्यांनी माझ्याच हातात दिलं.
उंबऱ्यापासून मोरीपर्यंत
मी धरून उभी, ओल्या बोटांनी,
आणि ते आकडे पुटपुटत मागं मागं सरकत गेले.
शेड धरत नाही, म्हणाले. पत्रा आणि बांबू.
साचे धरत नाहीत, ते उचलून नेता येतात.
मनात म्हटलं, न्या की.
एकेकाला चार माणसं लागतात.
भिंती धरल्या. त्यातून घसारा वजा,
बत्तीस वर्षांचा.
मी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं.

मग विचारलंच त्यांनी, पाणी कुठवर आलं होतं?

मुजावर वकील म्हणाले होते, चुना मारून घ्या.
मारला होता, दोन हात.
पण पंचगंगा चुन्याला जुमानत नाही.
फडताळाच्या वर, घड्याळाच्या खाली
ती पिवळी रेघ परत आली होती.
साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं
आणि कागदावर काहीतरी कमी केलं.

त्या रेघेच्या दिवशी प्रल्हाद आला होता,
कुंभार गल्लीतून छातीभर पाणी कापत.
मला माळ्यावर तशीच बसवून
आधी त्यानं खरेदीखत आणि प्रॉपर्टी कार्ड
दुधाच्या पिशव्यांत बांधून डोक्यावरून नेलं.
मी दुसऱ्या खेपेला.
अक्का, तुला पोहता येतंय, म्हणाला,
कागदाला येत नाही.

तो कागद आता त्याच्यासाठी निघालाय.

पतसंस्थेत कॅशियर होता. सह्या त्याच्या,
गाड्या संचालकांच्या.
संचालक अटकपूर्व घेऊन घरी जेवतात,
हा कळंब्यात.
माझेही साठ हजार तिथंच अडकलेत.
ठेवीची पावती आणि जामिनाचा अर्ज
एकाच पिशवीत घालून
मी बावड्याच्या बसमध्ये बसते.
कुठला कागद कुठल्या खिडकीवर
हे दोनदा चुकलंय माझं.

अकरा लाख चाळीस हजार.
साहेबांनी सही केली, शिक्का मारला.
कोर्टाला हवेत दोन लाख.
म्हणजे आणखी चार भाऊ आत गेले तरी चालेल,
मी म्हटलं. साहेब हसले नाहीत.
आरोपीशी नातं काय, त्यांनी विचारलं,
फॉर्मात तसा रकाना नव्हता तरी.

तहसीलमधून दाखला मिळायला सतरा दिवस.
कोर्टातल्या बाईनं रेशनकार्डाच्या मागं शिक्का उमटवला.
शाई ओली होती.
मी फुंकर घातली,
मूर्तीचे डोळे आखल्यावर घालते तशी, जपून.
आता रेशनवाला कार्ड उलटं करेल, करू दे.

शुक्रवारी दिवेलागणीला तो आला.
घरात गेला नाही.
कुणी न धरलेल्या त्या शेडमध्ये बसला,
साच्यांच्या मधे, चपला न काढता.
पैसे कुठं गेले, मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
पुढची तारीख चौदाची आहे.

बादली त्याच्याकडं सरकवली.
म्हटलं, माती घट्ट झालीय, जरा पाणी घाल.